हायवेवरची ‘शुद्ध’ पाटी आणि मामांचा कप

आम्ही या सदरातून अधूनमधून खाण्यापिण्यावर लिहितो, हे आमच्या काही वाचकांना रुचत नाही. मागे एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले होते. ‘सप्रेम जयभीम. चळवळीच्या दैनिकाने अत्याचारावर लिहावे, आरक्षणावर, खाजगीकरणावर लिहावे. कुठल्या हॉटेलात रस्सा झणझणीत मिळतो हे सांगायला इतर पेपर आहेत की!’ पत्र रागाचे होते, पण राग घरच्या माणसाचा होता. उत्तर द्यायचे राहून गेले. ते आज देतो. त्यासाठी फार लांब जायला नको, वसई तालुक्यातल्या चिंचोटीपर्यंत गेले तरी पुरे.

चिंचोटी हे नाव मुंबईकरांना ठाऊक आहे ते धबधब्यामुळे. तुंगारेश्वरच्या अभयारण्यातला हा धबधबा. पावसाळ्यात तिथे पोरांच्या झुंडी लोटतात, कुणीतरी बुडते, मग पोलिसांचा बंदी हुकूम निघतो. पण आमच्यासारख्या खादाड माणसाच्या लेखी चिंचोटीचे महत्त्व नाक्याचे आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा आठ नंबरचा आणि आताचा अठ्ठेचाळीस, त्याला भिवंडीहून कामणमार्गे येणारा रस्ता इथेच मिळतो. भिवंडीच्या गोदामांतला माल, गुजरातकडे निघालेले ट्रक, कारखान्यांचे कामगार, सहलीच्या गाड्या, सगळे इथून जातात. आणि ट्रक जिथे थांबतो तिथे चूल पेटते.

म्हणून या पट्ट्यात पाट्याच पाट्या आहेत. पंजाबी, काठियावाडी, मालवणी, आगरी, साउथ इंडियन, चायनीज, लखनवी बिर्याणी. गेल्या काही वर्षांत आम्ही यातल्या बहुतेक ठिकाणी जेवलो आहोत. आगरी बायकांच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली की बाकीचे मेनूकार्ड मिटून ठेवावेसे वाटते. ट्रकवाल्यांच्या ढाब्यावरची फोडणीची डाळ एसी हॉटेलातल्या डाळीपेक्षा नेहमीच सरस असते, कारण तिथे गिऱ्हाईक रोजचे असते आणि रोजच्या गिऱ्हाइकाला फसवता येत नाही. एका काठियावाडी ठिकाणी वांग्याचा ‘ओळो’ आणि बाजरीचा ‘रोटला’ मोठ्या कौतुकाने मागवला. ताट आले तर काय, वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी! आमच्या आईने जन्मभर तेच केले. तिला कुणी पाटी लावून दिली नाही, एवढाच फरक.

मागच्या पावसाळ्यात आमचे मामा नालासोपाऱ्याला लेकीकडे आले होते. मामा परभणी जिल्ह्यातले, वय ऐंशीच्या घरात, निवृत्त प्राथमिक शिक्षक. मिलिंद महाविद्यालयात दोन वर्षे शिकलेले, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांची इच्छा सोपाऱ्याचा स्तूप पाहायची होती. रविवारी मामेबहिणीच्या मुलाने आपली सेकंडहँड गाडी काढली आणि आम्ही सगळे निघालो.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली इथल्या बुरूड राजाच्या कोटात स्तूप उकरून काढला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच परिसरात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला सापडला तो १९५६ साली. हे साल ऐकल्यावर मामांनी हात जोडले. आठव्या लेखात अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करीत, मौजमजा करीत. मी मात्र धम्मयात्रा सुरू केली. मामा मिस्कील. स्तूपासमोर त्रिसरण-पंचशील झाल्यावर म्हणाले, ‘धम्मयात्रा झाली. आता विहारयात्रेला चला!’

नातवाने आजोबांना धबधबा दाखवायचे कबूल केले होते. वसई फाट्यावरून हायवेने चिंचोटीला पोहोचलो तर जंगलाकडची वाट पोलिसांनी अडवलेली. आत कुणालाच सोडत नव्हते. दुपार झाली होती, मामांचे गुडघे बोलायला लागले होते. समोरच गाड्यांनी भरलेले एक मोठे हॉटेल दिसले. आत शिरलो.

दारावर हिरव्या अक्षरात पाटी होती, ‘शुद्ध शाकाहारी’. मामांनी ती मास्तरांच्या सवयीने मोठ्याने वाचली आणि विचारले, ‘शुद्ध म्हंजी? आपून आत आलो तर बाटतंय का मग?’ आम्ही सगळे हसलो. शेजारच्या टेबलावरचे कुटुंब हसले नाही.

जेवण वाईट नव्हते. पंजाबी भाजी सगळीकडे असते तशी, लाल रंगाची आणि गोडसर. पण आमचे लक्ष जेवणात राहिले नाही. मामा हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. शोधत गेलो तर मागच्या अंगाला, भांडी घासायच्या मोरीजवळ उभे राहून दोन बायकांशी बोलत होते. खरकट्या ताटांचा ढीग, खाली साबणाचे पाणी, त्यात त्या दोघी उकिडव्या बसलेल्या. जवळच्या पाड्यावरून कामाला येतात म्हणाल्या.

‘जेवण हितंच मिळतं का?’ मामांनी विचारले.

‘नाय. डबा आनतो.’

‘काय आणलंय आज?’

‘भाकर न् सुकट.’

‘आन् ते चालतं व्हय हितं?’

‘आत नाय चालत. त्या झाडाखाली बसून खातो.’

मामा टेबलावर परत आले आणि त्यांनी समोरचे ताट उचलून प्रकाशात धरले. लख्ख होते. म्हणाले, ‘घासलंय मातर चांगलं!’

वाचकहो, ‘शुद्ध’ या शब्दाचा सगळा अर्थ आम्हाला त्या ताटात दिसला. ज्या हातांनी घासलेले ताट शुद्ध, त्याच हातांनी बांधून आणलेली भाकरी-सुकट अशुद्ध. हातांना प्रवेश आहे, डब्याला नाही. शाकाहाराला आमचा विरोध नाही. आमच्या समाजात कितीतरी बौद्ध उपासक-उपासिका स्वखुशीने शाकाहारी आहेत आणि आम्ही त्यांच्या घरी आनंदाने जेवतो. पण ते आपल्या दाराला ‘शुद्ध’ अशी पाटी लावत नाहीत. शाकाहारी म्हटले की काय मिळेल ते कळते. मग अलीकडे ‘शुद्ध’ हा शब्द कशासाठी जोडायचा? तो शब्द पदार्थाबद्दल काही सांगत नाही. पलीकडच्या टपरीवर बसून सुकट खाणाऱ्या माणसाबद्दल सांगतो.

भगवान बुद्धांच्या परंपरेतही ‘शुद्ध’ हा शब्द अन्नाला लावलेला आहे. विनयात तीन बाजूंनी शुद्ध अशा मांसाला भिक्षूला मुभा आहे, ‘तिकोटिपरिसुद्ध’. प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला नाही, तसे ऐकले नाही, तशी शंकाही नाही, तर ते शुद्ध. म्हणजे इथे शुद्धता बघायची ती कृत्याची. वाढणारा कोण, खाणारा कोण, त्याचे कूळ काय, हा सवालच नाही. भिक्षूने एका ओळीने दारोदार जायचे, घर निवडायचे नाही, वगळायचे नाही. तथागतांनी शेवटचे भोजन घेतले तेही चुंदाच्या, एका लोहारकाम करणाऱ्याच्या घरी. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या मुळाशी ताटातला प्रश्न कसा आहे हे दाखवून दिले. आमचे पत्रलेखक वाचक म्हणतात तसा रस्सा हा किरकोळ विषय असता तर बाबासाहेबांनी त्यावर ग्रंथ लिहिला नसता.

हॉटेलात जाणे म्हणजे इतरांना चवीचा मामला वाटतो. आपल्यासाठी तो आधी दाराचा मामला होता. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली पोरे मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, बरोबर डबा भरलेला. आणि ती पोरे त्या रात्री उपाशी झोपली, कारण डबा होता, पाणी नव्हते. पाणी कुणी देईना. त्या पोरांपैकी एक भीमराव. पुढे १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला आलेल्या त्याच भीमरावांना पारशी नाव सांगून पारशांच्या पथिकाश्रमात उतरावे लागले आणि ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. ज्याला जग पुढे संविधानाचा शिल्पकार म्हणून ओळखणार होते, त्याला पैसे देऊन खाट मिळेना!

कोल्हापूरची गोष्ट याच काळातली. राजवाड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना चाबकाने फोडून काढले गेले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले, नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गाव येईना. तेव्हा महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज स्वतः चहा मागवीत, पीत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावीत. राजाने पाजलेला चहा नाकारणार कोण? आमच्या मते महाराष्ट्रातल्या हॉटेलांचा इतिहास लिहायचा झाला तर तो इराण्यांच्या आणि उडप्यांच्या आधी गंगाराम कांबळे यांच्या त्या किटलीपासून लिहावा. आम्ही कोल्हापूरला गेलो की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आधी या रस्त्यावर उभे राहून चहा घेतो. कुठल्याही टपरीवरचा चालतो.

राजा असेपर्यंत राजाचा आधार. पण राजे काही रोज गाडी थांबवायला येणार नाहीत, हे बाबासाहेब जाणून होते. म्हणून संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ काय, त्यात न्हाव्याचे दुकान, धोबी येतात की नाही, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा. जो कोणी मागेल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. पुढे १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) अधिनियम अमलात आला, तोच १९७६ साली नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्याचे चौथे कलम वाचकांनी एकदा जरूर वाचावे. हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, पण त्याच्या पुढचा खंड स्वतंत्रपणे भांड्यांचा आहे. उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की नुसते दार उघडून भागणार नाही. दार उघडतील आणि कप वेगळा देतील.

आणि तसेच झाले. गावोगावच्या हॉटेलांत आपल्या लोकांची कपबशी बाहेर छपराच्या वळचणीला खोचलेली असे. ती आपण काढायची, पुढे करायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळायची, परत खोचायची आणि पैसे मात्र इतरांएवढेच मोजायचे! शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त या वेगळ्या कपाविरुद्ध पोलिसात तक्रार करायला निघालेली पोरे भेटतात. पुस्तक १९८४ चे, कायदा १९५५ चा. मधल्या वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा?

हे सगळे जगात आपल्याच वाट्याला आले असेही नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो या गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. दिली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, तिसऱ्या दिवशी आणखी. जुलै संपायच्या आत त्या कट्ट्याला त्यांना वाढावे लागले. एका कप कॉफीसाठी सहा महिने! पण ती कॉफी चवीची नव्हती हे काय सांगायला हवे?

आता कुणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आज हायवेवर कोण कुणाला जात विचारतो? विचारतात. याच पट्ट्यात तीन वर्षांपूर्वी आम्ही एका ‘घरगुती’ खानावळीत जेवायला बसलो होतो. मालक मोठे अगत्यशील. स्वतः वाढत होते, सुरमई कुठल्या बंदरावरून येते ते सांगत होते, सोलकढीची वाटी रिकामी व्हायच्या आत भरत होते. बोलता बोलता विचारले, ‘आडनाव काय म्हणालात?’ आम्ही म्हणालो नव्हतो. मग म्हणालो. त्यानंतर मालक गल्ल्यावर जाऊन बसले ते उठले नाहीत. कुणी आम्हाला उठवले नाही. ताट वेगळे दिले नाही. वर सांगितलेल्या कायद्याच्या कुठल्याही कलमात बसेल असे काहीही घडले नाही. फक्त सोलकढीची वाटी पुन्हा भरली गेली नाही, आणि बिल आणून टेबलाच्या कडेला ठेवले गेले.

आम्ही त्या खानावळीचे नाव इथे देत नाही. सुरमई उत्तम होती, हेही नमूद करतो. खाण्यावर लिहिणाऱ्याने चवीशी बेइमानी करू नये.

एका खानावळवाल्याला काय बोल लावायचा? २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकीण ब्राह्मण असल्याचे सांगून आपल्या घरचे सोवळे मोडले, म्हणून पोलिसात तक्रार दिली होती. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात ‘फक्त शाकाहारींनी बसावे’ अशा मजकुराचे कागद लागले. आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, तेव्हा काही टेबले शाकाहारींसाठी अधिकृतपणे राखून ठेवण्यात आली, आणि त्या टेबलावर बसून निषेध म्हणून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या झोमॅटो कंपनीने ‘प्युअर व्हेज’ गिऱ्हाइकांसाठी वेगळे, हिरव्या गणवेशातले डिलिव्हरीवाले जाहीर केले. ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा रंग मागे घ्यावा लागला. वेगळी कपबशी वळचणीला होती ती आता मोटारसायकलवर बसली, एवढेच.

आणि आपले अन्न? या हायवेवर देशातल्या प्रत्येक प्रांताची पाटी आहे, आपली नाही. वजडी, रक्ती, चान्या, बोटी, आंबट चुक्याचे गरगटे, यांची पाटी आम्ही कुठे पाहिली नाही. मुंबईत रात्री स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवर खिरी-कलेजी, वजडी मिळते, सगळ्या जातीचे लोक अंधारात उभे राहून बोटे चाटत खातात. पण अंधारात. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचे सावजी जेवण बघा. विणकरांच्या वस्तीतला तो रस्सा आता पुण्या-मुंबईत पाटी लावून बसला आहे. ते होऊ शकते तर आपलेही होऊ शकते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुली कागदावर आणल्या. २०२४ मध्ये ते पुस्तक इंग्रजीतही गेले. आता कुणीतरी कागदावरची ती चूल रस्त्यावर पेटवायला हवी. बँका कर्ज देतील की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो आमच्या पत्रलेखक वाचकांना नक्की आवडेल.

चिंचोटी नाक्याच्या आसपास पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, कंटोळी, टाकळा. पाने आंथरून त्यावर वाटे लावतात. मागे एवढी हॉटेले, पण एकाही मेनूकार्डावर आम्हाला शेवळांची भाजी दिसली नाही. डोंगर यांचा, जंगल यांचे, धबधबा यांच्या पाड्यामागचा, आणि हॉटेलात यांची जागा मोरीवर. मामांनी त्यांच्याकडून कंटोळीचे दोन वाटे घेतले आणि घासाघीस केली नाही. मामेबहिणीने केली असती, तिला मामांनी गप्प केले.

परतीच्या वाटेवर चहाची तल्लफ आली. एका ढाब्यावर थांबलो. ताडपत्रीचे छप्पर, खाटा, ट्रक ड्रायव्हर, रेडिओ. पाटीही धड नव्हती. आम्ही खाटेवर टेकलो आणि सवयीने हाक मारली, ‘ए छोटू, चार चहा आण रे!’

मामांनी आमच्याकडे बघितले. चिडलेले मामा आवाज चढवत नाहीत. ‘सकाळी कशाला हात जोडले मग तिथं?’ म्हणाले.

सकाळी आम्हीच त्यांना मोठ्या उत्साहाने नवव्या शिलालेखाचा अर्थ सांगितला होता. लोक लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. आणि त्या मंगलात अशोक पहिल्यांदा काय सांगतो? दास आणि चाकर यांच्याशी नीट वागावे. गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम हे त्याच्या पुढे येते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर ही अक्षरे दगडात कोरली गेली, आणि त्यांची माहिती देणारे आम्ही संध्याकाळ व्हायच्या आत ‘ए छोटू’ करून मोकळे! खुर्चीवर बसायचा हक्क मिळालेल्या आमच्या पिढीने खुर्चीवर बसणाऱ्यांची भाषाही किती लवकर उचलली.

मुलगा आला. मामांनी त्याला नाव विचारले, गाव विचारले. नाव त्याने सांगितले, ते इथे लिहीत नाही. गाव जव्हारकडचे. वय विचारल्यावर त्याने मालकाकडे बघितले आणि मालकाने तिथूनच सांगितले, ‘अठरा पूर्ण हैं साहब.’ चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात, ढाब्यावर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. हा मुलगा चौदाच्या वरचा होता. अठराचा होता असे आम्हाला वाटले नाही. आम्ही पुढे काही विचारले नाही. पत्रकार असून विचारले नाही, याची नोंद इथे करून ठेवतो.

चहा कपबशीतून आला, पांढऱ्या जाड कपबशीतून. आता अशा कपबशा फारशा दिसत नाहीत. आले ठेचून घातलेला, दाट, हायवेवर मिळतो तसा. मामांनी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायला. चहा झाला. आम्ही पैसे काढत होतो, नातू मोबाईलवर होता. मामा उठले, कपबशी हातात घेतली आणि ढाब्याच्या कडेला पाण्याचा पिंप होता तिकडे चालू लागले.

‘मामा, कुठं?’

‘इसळून ठिवतो की.’

ते बोलून गेल्यावर त्यांचे त्यांनाच कळले. तिथेच थांबले. नामांतरासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला, आयुष्यभर पोरांना संविधानाची उद्देशिका पाठ करायला लावणारा हा माणूस हातात रिकामी कपबशी घेऊन हायवेच्या कडेला उभा होता. साठ वर्षांपूर्वी गावच्या हॉटेलापुढे उभा राहत असेल तसा. आम्हाला काही सुचेना. मामेबहीण दुसरीकडे बघायला लागली.

तो जव्हारचा मुलगा धावत आला. ‘बाबा, ऱ्हाऊ द्या, मी धुतो ना,’ म्हणाला आणि त्याने कपबशी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्याला यातले काहीच ठाऊक नसणार. म्हातारा माणूस, ओल्यात पाय घसरेल, एवढेच त्याच्या मनात असेल.

मामा परत येऊन खाटेवर बसले. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. एकामागून एक ट्रक गुजरातकडे जात होते. मग म्हणाले, ‘अजून एक चहा घिऊ का?’

आम्ही मुलाला नावाने हाक मारली. चहा आला. मामांनी तो पहिल्यापेक्षाही सावकाश प्यायला, बशी कपाखाली नीट बसवली आणि दोन्ही खाटेच्या फळीवर ठेवून दिली. उठले. गाडीत बसेपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून त्या कपाकडे पाहिले.